कुठल्या हेडखाली?

शोकसभेत टाळ्या वाजतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सभा होती. टेबलावर, मी ज्यांना काका म्हणे त्यांचा फोटो, त्याला मोगऱ्याचा हार. ज्यांनी काही वर्षांपूर्वी ह्याच खोलीत त्यांना जवळजवळ चोर ठरवलं होतं, तेच लोक एकामागून एक उठून ‘सर किती दूरदृष्टीचे होते’ ते सांगत होते. शेवटी एकानं जाहीर केलं की बाग चालवणारी कंपनी सरांच्या नावानं बागेत एक बाक बसवणार आहे. त्यावर टाळ्या पडल्या. मी उठून बाहेर आले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, जाऊ दे, तिला भरून आलंय. भरूनबिरून काही आलं नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

बाकाबद्दल काकांचं मत काय होतं, ते मला स्वतःच्या अनुभवानं माहीत होतं.

बंगळुरात हेब्बाळच्या पलीकडे, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, जुन्या गावाची एक झाडी आहे. अशा झाडीला इथे तोपु म्हणतात. गावाची सामायिक जागा, कुणा एकाच्या मालकीची नाही. चिंचा, करंज, जांभळं, मध्ये दगडी विहीर, एका कडेला तळं. आजूबाजूला आमच्यासारख्यांच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा सरकारी खात्यानं तिला सार्वजनिक उद्यान म्हणून जाहीर केलं, कुंपण घातलं आणि देखभालीसाठी नागरिकांची समिती नेमली. खातं दर वर्षी अनुदान देई आणि समिती ते खर्च करी. काका त्या समितीचे खजिनदार होते.

त्यांचं घराणं बंगळुरात तीन पिढ्यांपासूनचं. सरकारी कारखान्यात हिशेब खात्यात त्यांची हयात गेली. घरात मराठी, पण वाक्यागणिक कन्नड शिंपडलेलं. ‘स्वल्प थांबा’, ‘बरं’ म्हणायला ‘सरी, सरी’, आणि कुणी उगाच काही करायला निघालं की ‘सुम्मने कशाला?’ मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला अक्का म्हणत. कारखान्यानं दिलेला तपकिरी स्वेटर एप्रिलातही अंगात असे. खांद्याला पाण्याची बाटली, तीही कारखान्याचीच. बागेच्या नळाचं पाणी ते पीत नसत. का, म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाले, मी खजिनदार आहे. ह्यात कसलं उत्तर आहे ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

आमची ओळख झाली ती कॉफीवर. बागेच्या फाटकासमोर एक दर्शिनी आहे, उभ्यानं खायचं छोटं हॉटेल. तिथे ते नेहमी ‘बाय टू’ मागवत, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत. बरोबर कुणी असो वा नसो. दुसरा अर्धा पेला शेजारी जो उभा असेल त्याच्यापुढे सरकवायचा आणि त्याच्याकडे बघायचंही नाही. मी नागपूरहून नुकतीच आले होते. ह्या गावात मला कुणी स्वतःहून काही दिलेलं नव्हतं. मी आभार मानले तर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. ‘आभार कुठल्या हेडखाली?’ म्हणाले. ‘पूर्ण कॉफी मला झेपत नाही. अर्धी टाकून द्यायची का?’

हेड म्हणजे हिशेबातलं खातं. आलेला, गेलेला प्रत्येक रुपया कुठल्या ना कुठल्या हेडखाली बसवावा लागतो, हे त्यांच्या नोकरीनं त्यांना शिकवलं होतं, आणि मग त्यांनी तेच सगळ्या जगाला लावलं. शेजारच्या गृहस्थांच्या मुलाला अमेरिकेत प्रवेश मिळाला, ते पेढे घेऊन आले. काकांनी पेढा हातात धरून विचारलं, कुठल्या हेडखाली, आनंद की दाखवणं? ते गृहस्थ पुन्हा त्यांच्याशी बोलले नाहीत. ह्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. असल्या माणसाशी कोण बोलेल?

माझ्याशीही ते तसंच वागले. बाबा त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात माझ्याकडे राहायला होते. रोज सकाळी तोपूत जात, विहिरीपाशी उन्हाला उभे राहत. तिथे बसायला काही नव्हतं. ते गेल्यावर मला वाटलं, त्या जागी त्यांच्या नावाचा एक बाक असावा. पैसे घेऊन मी काकांकडे गेले. त्यांनी पाकिटाला हात लावला नाही.

‘बाक हवाय तर समिती करेल,’ ते म्हणाले. ‘नाव बेडा.’

नाव का नको, ते मी विचारलं.

‘पाठ टेकायच्या जागी तुमच्या वडिलांचं नाव लिहिणार. त्याला पाठ लावून कोण बसणार, अक्का? आणि जो बसेल त्याला वाटणार, दुसऱ्याच्या घरी आलोय.’

मी घरी येऊन रडले आणि त्यांना मनातल्या मनात नागपुरी शिव्या दिल्या. पुढच्या मार्चमध्ये विहिरीपाशी साधा दगडी बाक आला. त्यावर कुणाचंही नाव नव्हतं. काकांनी मला कधी सांगितलं नाही की हा तो बाक. मीही कधी विचारलं नाही. पण तिथे बसायला लागले.

मार्च हा त्यांचा महिना. वर्षभर दोरीच्या तुकड्यासाठी माळ्याशी वाद घालणारा हा माणूस मार्च लागला की पाण्यासारखा पैसा सोडी. शेणखताच्या गाड्या येत, पाइप येत, चर खणले जात, विहिरीतला गाळ निघे, रोपवाटिकेचा मांडव नवा होई. एकतीस तारखेला खात्यात दमडी उरत नसे. हा सगळा हिशेब ते दर महिन्याला कन्नडमध्ये आणि इंग्रजीत लिहून भाताच्या खळीनं फाटकावर चिकटवत. गावातल्या शेळ्या खळीच्या वासानं येऊन तो कागद खाऊन टाकत. काका म्हणत, ऑडिट झालं, आणि दुसरा चिकटवत. शेळ्यांखेरीज तो कुणी वाचत नव्हतं, हे मला आज आठवतं तेव्हा दात-ओठ खावेसे वाटतात.

आमच्या सोसायटीत एक पुण्याचा तरुण राहायला आला. आधी एचएसआर लेआउटमध्ये कुठल्याशा स्टार्टअपमध्ये होता, आता स्वतःची कंपनी. हुशार, गोड बोलणारा, सकाळी तोपूत पळायला जाणारा. तो समितीत आला आणि त्यानं आल्याआल्या विचारलं की बागेची काही शिल्लक का नाही. बागेनं स्वतःच्या पायावर उभं राहायला पाहिजे, म्हणाला. मी समितीत नव्हते, पण सभेला जात असे. हे वाक्य ऐकून सगळ्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला, तो मी पाहिला. आमच्यासारख्या पगारदार लोकांना ‘स्वतःच्या पायावर’ म्हटलं की फार बरं वाटतं. पाय कुणाचे, उभं कुठे राहायचं, हे कोण विचारतो?

मग त्यानं पडद्यावर चित्रं दाखवली. उत्पन्नाचे मार्ग. त्यात पहिला मार्ग होता चिंचा.

चिंचांचं असं होतं. हंगामात खाली पडलेल्या चिंचा मुनियक्काच्या. मुनियक्का म्हणजे जुन्या गावातली एक बाई. तिच्या सासूच्याही आधीपासून हा रिवाज चालत आला होता. त्याच्या बदल्यात उन्हाळ्यात वाळल्या गवताला कुणी विडीकाडी लावू नये म्हणून तिच्या घरची माणसं दिवसभर फेऱ्या घालत. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण कधी मोडलंही नव्हतं. त्या तरुणाचं म्हणणं, सार्वजनिक मालमत्तेतल्या चिंचा एका बाईला फुकट का? लिलाव करा. ऐकायला किती न्यायाचं वाटतं.

काका म्हणाले, चिंचा तिच्या आहेत. एवढंच. समजावणं वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

तेव्हा त्या तरुणानं हसत विचारलं, की काका, दर मार्चला इतकी घाईघाईनं खरेदी होते ती कशी? आणि त्याच हसण्यात पुढे म्हणाला, ‘म्हणजे, आपल्यात म्हणतातच ना, तळं राखील तो पाणी चाखील.’ खोलीत दोघे-तिघे हसले. ज्या माणसानं त्या बागेच्या नळाचं पाणी कधी तोंडाला लावलं नाही, त्याला हे ऐकवलं गेलं. मी तेव्हा काही फेकून मारलं नाही ह्याचं मला आजही नवल वाटतं.

काका उठले. आवाज चढला नव्हता.

‘कुठल्या हेडखाली विचारताय? चोरी की चूक? चोरी म्हणत असाल तर पोलिसात जा. चूक म्हणत असाल तर स्वल्प बसा, सांगतो.’

तरुण म्हणाला, नाही नाही अंकल, फक्त प्रोसेस म्हणून. म्हणजे चोरी असं तर म्हणायचं होतं, पण तोंडानं नव्हे.

काकांनी मग जे सांगितलं ते एकाच वाक्यात, आणि तेही कुणाला कळेल अशी काळजी न घेता. ‘पंगतीत ज्याच्या पानात उरलेलं दिसतं, त्याच्यापुढून वाढपी निघून जातो.’ एवढं बोलून त्यांनी चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि स्वेटरची बटणं लावत निघून गेले. लिलावावर मतदान झालं, सभेला आलेल्या सगळ्यांचं. मी हात त्यांच्या बाजूनं वर केला. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता, समोरच्यांचा राग होता. पण काकांच्या बाजूनं हात वर करायला काका खोलीत होतेच कुठे?

म्हणून त्यांचाही मला राग येतो. फार येतो. पानाचं आणि वाढप्याचं त्यांनी नीट बसून सांगितलं असतं, की सरकारी पैसा उरला की पुढच्या वर्षी तेवढा कापला जातो. की बाग कमावते असं एकदा दिसलं की सरकार ती पोसणार नाही, विकेल. की म्हणून मी मार्चमध्ये सगळं मातीत घालतो, तिथून कुणाला काढून नेता येत नाही, तर चार माणसांना तरी कळलं असतं. पण नाही. एकदा संशय घेतला म्हणजे संपलं. असला स्वाभिमान काय चाटायचा? तोपु त्यांच्या स्वाभिमानाची नव्हती, गावाची होती. हे मी त्यांना तोंडावर म्हटलं आहे. त्यांनी ‘सरी’ म्हटलं आणि अर्धी कॉफी माझ्यापुढे सरकवली.

पुढचं सगळं त्यांच्या त्या एका वाक्याप्रमाणे झालं. चिंचांचा लिलाव झाला. ठेकेदाराच्या माणसांनी काठ्यांनी झोडून चिंचा पाडल्या, फांद्या मोडल्या. उन्हाळ्यात गवत पेटलं तेव्हा फेऱ्या घालायला कुणी नव्हतं. मुनियक्काच्या घरच्यांनी का घालाव्यात? करंजाची एक अख्खी रांग जळाली. मग पहारेकरी नेमले. त्यांचा पगार चिंचांच्या पैशांत बसेना, म्हणून गाड्या लावायचे पैसे सुरू केले. तेही पुरेनात, म्हणून लग्नाआधीचे फोटो काढायला बाग भाड्यानं देऊ लागले. त्यात मात्र पैसा आला. विहिरीच्या काठावर झगे पसरून मुली उभ्या राहत आणि गावच्या बायकांना ‘जरा फ्रेमच्या बाहेर व्हा’ असं सांगितलं जाई. वर्षाअखेर पडद्यावर हिरवा खांब उंच गेला. शिल्लक.

खात्याचे साहेब आले, त्यांनी फोटो काढून घेतले, समितीची पाठ थोपटली. पुढच्या वर्षी अनुदान आलं नाही, कारण तुमच्याकडे आहे की. त्याच्या पुढच्या वर्षी निविदा निघाली, कारण जी जागा कमावते ती कमावणाऱ्यांच्या हातात द्यायला हवी. समितीला एक आभाराचं पत्र आणि एकेक रोपटं मिळालं. कंपनी आली, फाटकाला काच लागली, तिकीट लागलं. त्या पुण्याच्या तरुणाला वाईट वाटलं, हे खरं आहे. आमचा हेतू चांगला होता, असं तो आजही म्हणतो. असेल. मुनियक्का आता बाजारातून चिंच विकत घेते आणि कुंपणाबाहेर तिखटमीठ लावून विकते. ती ज्या झाडाखाली बसते त्याच्या अर्ध्या फांद्या आत आहेत.

काका पुन्हा कधी आत गेले नाहीत. रोज सकाळी कुंपणाच्या बाहेरून पूर्ण वेढा घालत आणि दर्शिनीत येऊन मला आतलं विचारत. करंज फुलला का? विहिरीचं पाणी कुठवर आहे? मी सांगत असे, आणि सांगता सांगता चिडत असे, कंपनीवर, साहेबांवर, आमच्या सोसायटीवर. ते ऐकून घेत. एकदा मात्र त्यांनी मध्येच थांबवलं.

‘अक्का, हा राग तुम्ही कुठल्या हेडखाली टाकता?’

मी वैतागून म्हटलं, ‘किरकोळ.’

‘किरकोळमध्ये टाकू नका,’ ते म्हणाले. ‘किरकोळ कुणी वाचत नाही.’

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना दवाखान्यात नेलं. मी भेटायला गेले तेव्हा बोलणं फारसं होत नव्हतं. बिछान्यावरही स्वेटर होताच. मुलगी म्हणाली, काढू देत नाहीत. मी थर्मासमधून कॉफी नेली होती, नर्सला विचारून अर्धा पेला दिला. अर्धा मी घेतला. आभार त्यांनीही मानले नाहीत.

आणि मग ती सभा, त्या टाळ्या, तो बाक.

बाक खरोखरच बसवला. विहिरीपाशी. बाबांसाठीचा तो साधा दगडी बाक उचलून कुठे टाकला, देव जाणे. नवा लोखंडी, रंगीत. पाठ टेकायच्या जागी चकचकीत पाटी. वर कंपनीचं भलंमोठं चिन्ह, त्याखाली बारीक अक्षरात काकांचं नाव आणि त्याआधी ‘द्रष्टे’ अशा अर्थाचा एक इंग्रजी शब्द. मी तिकीट काढून आत गेले होते. पाटी वाचली, घरी परत आले, ड्रॉवरमधून बाबांचा जुना पेचकस घेतला आणि पुन्हा दुसरं तिकीट काढून आत गेले.

रविवारची भर सकाळ होती, लोक होते. मी चोरून काही केलं नाही. पाटी दोन स्क्रूंवर होती, एक सहज निघाला, दुसरा जरा अडला. पाटी हातात आली तेवढ्यात पहारेकरी आला आणि त्याच्यामागे गळ्यात ओळखपत्र घातलेला मॅनेजर. पंचविशीतला असेल. कन्नड त्याला माझ्याइतकंच येत होतं, म्हणून आम्ही हिंदीत बोललो.

‘मॅडम, ये प्रॉपर्टी डॅमेज है. फाइन लगेगा.’

मी म्हटलं, लगेगा तो लगेगा, पावती फाड. फाटकावर दंडाचा फलक आहेच. त्यानं खिशातून पावतीपुस्तक काढलं. मी विचारलं, ‘किस हेड में लिखोगे?’ त्याला कळलं नाही. मी समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, काकांना कधी जमलं नाही तसं. म्हटलं, बाबा रे, मला दंड मान्य आहे, म्हणशील तेवढा भरते. फक्त कशाचा दंड ते स्पष्ट लिही. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान. ‘पब्लिक प्रॉपर्टी’ हे दोन शब्द, खाली तुझी सही आणि कंपनीचा शिक्का.

त्यानं पेन टेकवलं. मग थांबला. म्हणाला, एक मिनिट, आणि फोन घेऊन जांभळाच्या झाडाखाली गेला. बराच वेळ तो नुसता हो-हो करत होता. मी पाटी मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिले. परत आला तेव्हा पावतीपुस्तक त्याच्या खिशात गेलेलं होतं.

‘मॅडम, फाइन नहीं चाहिए. आप जा सकते हो.’

‘क्यों?’

पोरगं खोटं बोलण्यात अजून तयार झालेलं नव्हतं. ‘ऑफिस बोला,’ तो म्हणाला, ‘वो वर्ड नहीं लिखना.’

दंड सोडतील, पण शब्द लिहिणार नाहीत. बाग अजून लोकांची आहे, हे स्वतःच्या शिक्क्यानिशी कोण कबूल करेल? काका असते तर त्यांनी ‘सरी’ म्हटलं असतं आणि स्वेटरची बटणं लावत निघून गेले असते. मी त्या पोराला सांगितलं की पावती झाल्याशिवाय मी इथून उठत नाही, तुझ्या ऑफिसला पुन्हा फोन लाव. तो खरंच पुन्हा झाडाखाली गेला. मी पाटी उलटी करून बाजूला ठेवली, मागे सरकले आणि पाठ टेकली.